टाईट म्हणजे किती?

आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू राहायला आला की पहिल्याच सकाळी त्याच्या मोटरसायकलचा आरसा कुणीतरी न विचारता आवळून जातं. भाडेकरू खाली येतो, सवयीनं आरसा फिरवायला जातो, आरसा हलत नाही, आणि बिचारा इकडंतिकडं बघायला लागतो. मग शेजारचं कुणीतरी चूळ भरता भरता सांगतं, "घाबरू नका पावणं, दस्तगीरमामा येऊन गेल्यात."

दस्तगीर शिकलगार. आमच्या भिंतीला भिंत लागून घर. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. ते रिटायर झाले, पण खिशातला पाना काही रिटायर झाला नाही. शर्टाच्या उजव्या खिशात पाना, डाव्या खिशात रुमालात बांधलेले वायसर, नटाखाली घालायच्या चकत्या. पान्याच्या वजनानं उजवा खिसा इतका लोंबायचा की मामा कायम एका अंगाला झुकून चालल्यासारखे दिसायचे.

ढिलं काही दिसलं की मामांना राहवत नसे. एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतनं उतरले, खुर्ची आडवी केली, खालचा नट आवळला, आणि मगच उरलेल्या गालाला हात लावू दिला. लग्नात जेवायला बसले की आधी टेबलाखाली वाकायचे. एका डॉक्टरनं त्यांच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळली, तर मामा म्हणाले, "सायेब, ही टाईट बसली न्हाय," आणि पट्टी सोडून स्वतःच्या हातानं परत गुंडाळली. डॉक्टर माझा विद्यार्थी. तो मला सांगत होता, "सर, आकडा खरंच वेगळा आला."

गणपतीचा मांडव उभा राहिला की तालमीची पोरं मामांना बोलवायची. मामा एकेक लोखंडी खांब ठोकत फिरायचे आणि शेवटी वर बघून ओरडायचे, "टाईट!" त्याशिवाय मूर्ती आत यायची नाही.

टाईट हा मामांचा एकुलता एक इंग्रजी शब्द, आणि तो ते कशालाही लावायचे. तब्येत टाईट. आमटी टाईट. जावई टाईट. नमाजाला गेले आणि मौलवींचं प्रवचन चांगलं झालं, तर वाज टाईट. पाऊस पडला तर "आज जरा टाईट झाला."

आता माझी ओळख सांगतो. मी चौगुले, हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी तपासून माणसाची जी अवस्था होते ती माझी झालेली. मी एकदा मामांना कट्ट्यावर बसवून समजावलं. "मामा, टाईट म्हणजे घट्ट. आवळलेलं, अडचणीचं, जिथं सैलपणाला जागा नाही असं. कपडा टाईट होतो, गाठ टाईट असते, वेळ टाईट असतो. आमटी टाईट नसते."

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि दोस्ती?"

"दोस्ती चालेल," मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

"मग बास की. तेवढी टाईट ठेवूया."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. वर्गात विशेषणं शिकवताना 'टाईट या शब्दाचे पाच चुकीचे उपयोग' म्हणून मामांचीच पाच वाक्यं फळ्यावर लिहिली, नाव घेऊन. पोरं खिदळली, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत पोरं मामांच्या मागनं ओरडत होती, "मामा, आमटी टाईट का?" आणि मामा काय खूश! संध्याकाळी घरी आले. "मास्तर, माझं नाव शाळंत घेतासा म्हणं? फळ्यावर लिवलासा?" मी हो म्हणालो. त्यांनी जैबूनमामींना भिंतीपलीकडं हाक मारून ते सांगितलं. मामींनी त्या आनंदात माझ्यासाठी शिरखुर्मा पाठवला, आणि मी तो खाल्ला. हे लिहितानाही कान गरम होतायत.

गल्लीत आणखी एक रीत पडली होती. कुणाच्या घरात काहीही उघडेना झालं, लोणच्याची बरणी असो, नळ असो, नाहीतर खिडकीची कडी, की नाव दस्तगीरमामांचं. मामा त्या घरात महिन्यात फिरकलेले असोत वा नसोत. "मामांचा हात लागला असंल," की झालं. मामाही कधी नाही म्हणत नसत. येऊन उघडून द्यायचे.

तर यंदा आमच्या लेकीला, प्राजक्ताला, बघायला पेठ वडगावचे पावणे आले. सकाळी सकाळी मामा हजर. "पावणं येणार म्हटल्यावर घर कसं टाईट पायजे." त्यांनी सोफ्याचा पाय आवळला, न्हाणीतला नळ आवळला, आणि गेले. मी एका हातानं कानाला मोबाईल धरून, "या या, कुठवर आलासा?" करत, दुसऱ्या हातानं चहाच्या नव्या पुड्या बरणीत ओतत होतो. झाकण फिरवलं, फळीवर ठेवलं.

पावणे बसले. माझी बायको सुनंदा आतनं बोलवायला लागली, आधी हळू, मग मोठ्यानं. चहाची बरणी उघडत नव्हती. मी जोर लावला. तोंड लाल झालं, झाकण जागचं हललं नाही. तेवढ्यात मुलाचे चुलते आत डोकावले. तरुणपणी आखाड्यात घुमलेला गडी. "आणा हिकडं," म्हणून त्यांनी बाह्या सारल्या. बरणी बैठकीच्या खोलीत गेली. चुलत्यांनी ती गुडघ्यात धरली, एक दम घेतला, आणि झाकण असं काही निघालं की अर्धा किलो पत्ती मुलाच्या पांढऱ्या शर्टावर. मग आतनं प्राजक्ता खदखदून हसली. तिचं बघून मुलगाही हसला.

लग्न त्या हसण्यावरच जमलं, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझं काडीचं नुकसान झालं नव्हतं. पण सगळी गल्ली "मामांचं काम!" म्हणून हसत होती आणि मला वाटत होतं, ती मलाच हसतेय. बरणी उघडता न आलेला मास्तर! संध्याकाळी मी ती बरणी मामांच्या पुढ्यात आदळली. मामांनी झाकण उलटं केलं, आतनं अंगठा फिरवला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय. चुकलं."

ते चुकलं म्हणाले, तरी माझा राग जाईना. म्हटलं, थांबा मामा, एकदा तुम्हालाही कळू दे.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी मी लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडं. मामा तालमीत काहीतरी बघायला गेलेले, मामी वर गच्चीवर वाळवण काढत होत्या. मी हक्कानं सैपाकघरात गेलो. फळीवर अकरा बरण्या. पत्रिका ठेवायला एक बरणी झाकणाला धरून बाजूला सारायला गेलो, तर झाकणच हातात आलं. दुसरी बघितली, तिचंही नुसतं टेकवलेलं. तिसरी, चौथी, सगळ्याच! सगळ्या गल्लीला आवळत फिरणाऱ्या माणसाच्या घरात एक झाकण धड लावलेलं नव्हतं.

मला हसू फुटलं, आणि हसता हसता ती अक्कल सुचली. टॉवेल घेतला आणि अकराच्या अकरा झाकणं दातओठ खाऊन आवळली. घाई होती, मामी खाली येतील म्हणून. मग साखरेच्या बरणीला पत्रिका टेकवून ठेवली आणि पोट धरून घरी आलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी! संध्याकाळी मामा आले की कसे कुंथतील, ते डोळ्यांपुढं आणत आडवा झालो.

चारच्या सुमाराला भिंतीपलीकडं ठक ठक आवाज यायला लागला. थोडा वेळ थांबे, परत येई. मला वाटलं, चटणी कुटतायत. मी कूस बदलली. मग एकदम काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि सुनंदा धावली. तिची किंकाळी ऐकून मी धावलो.

मामी जमिनीवर पडल्या होत्या. अंग घामानं भिजलेलं, डोळे अर्धवट उघडे. कुशीत साखरेची बरणी, झाकणाभोवती पदर गुंडाळलेला. शेजारी लाटणं. त्या लाटण्यानं झाकण ठोकत होत्या, तोच तो आवाज. "साखर, साखर," म्हणून ओठ हलत होते. मी बरणी उचलली, सगळा जोर लावला. मला ती उघडेना. मीच आवळलेली बरणी मला उघडेना! सुनंदानं मला बाजूला ढकललं, घरनं साखरेचं पाणी आणलं, मामींना टेकवून बसवलं आणि थोडं थोडं पाजलं. मग रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मामींना साखरेचा आजार आहे, इंजेक्शन घेतात, हे मला माहीत होतं. इंजेक्शन घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर साखर एकदम खाली येते आणि चमचाभर साखर तोंडात पडली नाही तर जिवावर बेततं, हे डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. आणि डॉक्टर पुढं म्हणाला, "सांधेवातानं बोटं इतकी वाकलीत, त्यांना घट्ट झाकण कसं उघडणार?" पंधरा वर्षं मी त्या बोटांनी केलेला चहा पीत होतो. बोटं वाकलेली आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मामी वाचल्या. पडताना डावं मनगट मोडलं, तेवढं प्लास्टरात गेलं.

इचलकरंजीहून त्यांची लेक शबाना आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत ती बापावर तुटून पडली. त्यांच्या घरातल्या बोलीत बोलत होती, पण समजायचं ते सगळ्यांना समजत होतं. तुमच्या या टाईटच्या नादात अम्मी गेली असती, फेका तो पाना, असं म्हणून ती रडायला लागली. मामा भिंतीला टेकून उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "व्हय गं. हाताला सवय. माझंच चुकलं."

मी तिथंच होतो. दोन हातांवर. हातात पेजेचा थर्मास होता. तोंड उघडायला काय झालं होतं मला? सत्तावीस वर्षं तोंडाचीच तर भाकरी खातोय. पण मनात आलं, लग्न तीन आठवड्यांवर आलंय. मनात आलं, आज नको, उद्या सांगू. थर्मास सुनंदाकडं दिला आणि पाण्याची बाटली आणायला म्हणून खाली निघून गेलो.

त्या दिवसापासनं मामांच्या शर्टाचा उजवा खिसा लोंबायचा बंद झाला. मामा सरळ चालायला लागले, आणि सरळ चालणारे मामा बघवत नव्हते. गल्लीतले आरसे खडखडायला लागले. आमचा नळ ठिबकायला लागला. कुणी "काय मामा, टाईट?" म्हणून हाळी दिली तर नुसतं "बरं हाय" म्हणायचे आणि आत जायचे. सुनंदा म्हणाली, "बाईमाणसाच्या जिवावर बेतलं, गप झालेत बिचारे." मी ताटातली आमटी बघत बसलो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मामांनी निरोप पाठवला. लग्नाला मामी येईल, मी येत नाही. मांडवात माझा हात कुठंतरी जाईल, शबाना परत चिडेल.

तो निरोप ऐकला आणि मला बसवेना. ज्यानं प्राजक्ताला पहिली सायकल चालवायला शिकवली, सीट आवळून दिली, तो माणूस तिच्या लग्नाला येणार नाही, आणि का, तर मी केलेल्या घाणेरड्या कामाची लाज तो वाहतोय! तशीच पायात चप्पल सरकवली आणि शेजारच्या घरात शिरलो.

मामा सैपाकघरात जमिनीवर बसले होते. पुढ्यात सगळी झाकणं मांडलेली. बारीक कानस घेऊन एकेका झाकणाच्या आतल्या पेचाच्या आट्याची धार मारत होते, गुळगुळीत करत होते. मामी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या.

मी उभ्यानंच बोलून टाकलं. "मामा, त्या दिवशी बरण्या मी आवळल्या. मुद्दाम. चेष्टा म्हणून. तुमचा काही संबंध नाही."

मामांनी कानस थांबवली नाही. म्हणाले, "बसा की मास्तर."

"ऐकलंत का, मी काय म्हणालो?"

"ऐकलं. म्हाइती हाय."

मी बसलोच. मामांनी साखरेच्या बरणीचं झाकण उलटं करून माझा अंगठा धरला आणि आतनं फिरवला. एका जागी खरखरीत उंचवटा लागला. "आटा आट्यावर चढलाय, बघा. झाकण तिरकं ठिवायचं, घाईनं फिरवायचं, आनि मग जोर लावायचा. माझ्या हातनं चाळीस वर्षांत असा एक नट गेलेला न्हाय. ह्यो घाईचा हात." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या चहाच्या बरणीचं बी असंच हुतं."

चहाची बरणी! मोबाईल कानाला लावून झाकण फिरवणारा मी. म्हणजे ज्याचा सूड मी उगवला तेसुद्धा माझंच काम होतं, आणि मामांनी ते त्याच संध्याकाळी ओळखून "चुकलं" म्हणून स्वतःवर घेतलं होतं.

"आनि पत्रिका बी साखरेच्या बरणीलाच टेकून ठिवलीसा," मामी हळूच म्हणाल्या. "मीच ह्यास्नी ती लपवायला लावली, शबाना घरात याच्या आत."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. "लेकीच्या शिव्या का खाल्ल्या?"

पोराला कळत नसलं की मास्तर बघतो तसं मामांनी माझ्याकडं बघितलं. "पोरीचं लगीन तोंडावर. गल्लीतली बातमी पेठ वडगावला जायाला किती वेळ लागतोय? पोरीच्या बानं शेजारणीचा जीव घेतला असता, असं पावण्यांच्या कानावर जायाचं. माझं काय? मला हसत्यातच सगळी. त्यात आनि एक."

मला रडू आवरलं नाही. मी तिथंच शबानाला फोन लावला. मामा "ऱ्हाऊ दे, लगीन होऊ दे," म्हणत हात धरत होते, तरी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सर, अब्बांकडं द्या." मामा फोन कानाला लावून नुसतं "हां... हां बेटा" करत होते आणि वायसर बांधायच्या रुमालानं डोळे पुसत होते.

फोन ठेवून त्यांनी साखरेची बरणी माझ्यापुढं सरकवली. "आता लावा बघू झाकण."

मी लावलं. मामांनी बरणी मामींपुढं धरली. मामींनी उजव्या हाताची वाकडी बोटं झाकणावर ठेवली, फिरवायला गेल्या, कळ आली, हात मागं घेतला. "न्हाय," मामा म्हणाले. "परत."

मी परत लावलं, नुसतं टेकवल्यासारखं. मामांनी बरणी आडवी केली, साखर जमिनीवर सांडली. "तुमच्या मामीसाठी आजवर अशीच ठिवत हुतो, पन मुंग्या येत्यात. परत."

मी कपाळाचा घाम पुसला. झाकण सरळ ठेवलं, आटा आट्यात बसतोय का ते बोटानं चाचपलं, आणि हळू फिरवलं. मामांनी बरणी आडवी केली. दाणा सांडला नाही. मामींपुढं धरली. मामींनी दोन बोटं ठेवली आणि झाकण फिरलं.

"टाईट!" मामा ओरडले. पहिल्यासारखे, मांडवातल्यासारखे. पलीकडनं सुनंदानं भिंतीवर थाप मारून विचारलं, "मामा, काय झालं?"

मामी उठल्या, चहाचं आधण ठेवलं. एका हातानं साखर घालताना म्हणाल्या, "मास्तर, तुमाला दोन चमचं न्हवं का?" मी त्या बोटांकडं बघत बसलो.